डावीकडून तिसरी

जुन्या छायाचित्रांखालच्या ओळी वाचण्याचा मला अलीकडे नाद लागला आहे. लोक आधी चेहरे पाहतात आणि मग नावे शोधतात. माझे नेमके उलटे होते. भाषेच्या अभ्यासात तीसहून अधिक वर्षे काढल्यावर नजर आपोआप मजकुराकडे वळते. ‘बसलेले’, ‘उभे’, ‘डावीकडून’, ‘अनुपस्थित’ असे चार-दोन शब्द आणि नावांची रांग, एवढाच तो मजकूर असतो. परंतु कोणाचे नाव पूर्ण आले, कोणाचे निम्मे आले आणि कोणाचे आलेच नाही, हे त्यातून कळते.

या वस्तूसाठी मराठीत तीन शब्द आहेत. ‘छायाचित्र’ हा संस्कृत घडणीचा शब्द. तो पुस्तकात आणि वर्तमानपत्रात राहतो. ‘तसबीर’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द; काच आणि चौकट लाभून भिंतीवर चढलेल्या चित्राला तो शोभतो. घरात मात्र आपण ‘फोटो’ म्हणतो, आणि तो ‘काढतो’. ‘काढणे’ हे क्रियापद मोठे बहुरूपी आहे. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात. गुणी मुलगा घराण्याचे नाव काढतो आणि शाळेत न येणाऱ्या मुलाचे नाव पटावरून काढतात. पुढे जे सांगणार आहे त्यात यांतील पुष्कळसे अर्थ येतील.

१९९० च्या दशकात संशोधनाच्या निमित्ताने मी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या आवारात वावरलो. या संस्थेचा आरंभ १८२१ सालच्या संस्कृत पाठशाळेत आहे. येरवड्याची गॉथिक वळणाची दगडी इमारत १८६८ मध्ये वापरात आली. तिच्या उभारणीत जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीचा मोठा वाटा होता. टिळक आणि आगरकर यांची भेट याच महाविद्यालयात झाली. पुढे १९३४ मध्ये सरकारने हे महाविद्यालय बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले. मधल्या पाच वर्षांत तेथे कोणत्याही वर्गाचे गट-छायाचित्र निघणे शक्यच नव्हते. वर्गच नव्हते. माजी विद्यार्थी अडून बसले नसते, तर ती पोकळी पाच वर्षांवर थांबलीही नसती.

एकोणिसाव्या शतकातील अशा इमारतींची छायाचित्रे पाहताना एक गोष्ट प्रथम जाणवते. कमानी, मनोरे, जिने सारे रेखीव दिसते; माणसे मात्र फारशी दिसत नाहीत. विद्यार्थ्यांनी गजबजलेली वास्तू ओसाड वाटते. यामागे त्या काळचे तंत्र आहे. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर देऊन, तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे आणि भिंग काही सेकंद उघडे ठेवावे लागे. तेवढा वेळ जो स्थिर राहील तो उमटणार. चालत गेलेला माणूस पुसट डाग होऊन राही, किंवा मुळीच उमटत नसे. म्हणून त्या चित्रांत आपल्याला दगड दिसतात आणि क्वचित, थांबायला सांगितले म्हणून थांबलेली माणसे दिसतात. पाण्याची घागर घेऊन जाणारा, व्हरांडा झाडणारा, कंदील पुसणारा माणूस तेथे असेलही. पण कामात असलेल्या माणसाला थांबायला सवड नसते.

गणेशखिंडीतील मुख्य इमारतीची गोष्ट वेगळी आहे. जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने रचलेली, १८७१ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरांचे पावसाळी निवासस्थान होती. जुन्या चित्रांखाली ‘गव्हर्नमेंट हाउस’ असे नाव आढळते. १८९७ च्या २२ जूनच्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून येथूनच परतताना रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि त्याच मनोऱ्याच्या चित्राखाली ‘पुणे विद्यापीठ’ असे लिहिले जाऊ लागले. २०१४ मध्ये नाव पुन्हा बदलले: ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’. तीन काळांतील तीन छायाचित्रे शेजारी ठेवली तर दगड तेच दिसतात. चित्राखालच्या ओळीने मात्र गव्हर्नरापासून शिक्षिकेपर्यंतचा पल्ला गाठलेला असतो.

त्या शिक्षिकेची पहिली शाळा मात्र चित्रात सापडत नाही. १८४८ मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. या वाड्याची जी छायाचित्रे आपण पाहतो ती फार नंतरची, पडझड झालेल्या वास्तूची आहेत. तळमजल्यावर दुकाने आहेत आणि वरचा मजला ढासळू लागला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये ती वास्तूही स्मारकासाठी उतरवण्यात आली. जेव्हा मुली तेथे पाटीवर अक्षरे गिरवत होत्या तेव्हा समोर कॅमेरा नव्हता. परंतु फुल्यांच्या शाळेतील मुक्ता नावाच्या मांग समाजातील विद्यार्थिनीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, आणि तो आजही वाचायला मिळतो. वर्गात बसलेली मुक्ता कशी दिसे, हे आपण पाहू शकत नाही. ती काय म्हणाली, हे मात्र तिच्याच शब्दांत आपल्यापाशी आहे.

शब्द कधी कधी चित्राहून चिवट ठरतो. १८८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली मुलींची शाळा सर्वांच्या तोंडी ‘हुजूरपागा’ आहे. पागा म्हणजे घोड्यांचा तबेला; शाळेच्या जागी पूर्वी पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा होती. त्या घोड्यांचे चित्र काढून ठेवायला छायाचित्रकार नव्हता, पण शाळेत निघालेली प्रत्येक मुलगी नकळत त्यांचा उल्लेख करते.

हे सारे मी वर्गात अनेकदा सांगितले आहे. चित्रात कोण आले आणि कोण सुटले, यावर मी उत्साहाने बोलत असे. तो प्रश्न माझ्या स्वतःच्या घरालाही लागू आहे, हे ध्यानात यायला मात्र पन्नाशी उलटावी लागली.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून सहा किलोमीटरवर. गावात चौथीपर्यंत शाळा होती; पाचवीपासून एस. टी.ने तालुक्याच्या हायस्कुलात जावे लागे. काही वर्षांपूर्वी त्या हायस्कुलाने आपल्या जुन्या छायाचित्रांचे पुस्तक करायचे ठरवले. मी माजी विद्यार्थी आणि मराठीचा प्राध्यापक, म्हणून छायाचित्रांखालचा मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. कपाटातून निघालेली चाळीसेक छायाचित्रे होती. जाड करड्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. पहिल्या रांगेत जमिनीवर मांडी घालून बसलेली मुले, मध्ये खुर्च्यांवर शिक्षक, मागे बाकांवर उभे विद्यार्थी, आणि पुढे मधोमध खडूने इयत्ता व साल लिहिलेली पाटी.

त्यातील एका पाटीवर ‘इयत्ता ७ वी, १९७८-७९’ असे होते. शिक्षकांच्या मागच्या रांगेत, डावीकडून तिसरी, माझी थोरली बहीण उभी होती.

हे छायाचित्र मी पूर्वी कधीही पाहिले नव्हते. आमच्या घरी ते नव्हतेच. प्रत विकत घ्यावी लागे आणि तेवढे पैसे त्या वर्षी निघाले नाहीत. माझ्या दहावीच्या वर्गाचा फोटो मात्र वडिलांनी हौसेने विकत घेतला, चौकट करून ओसरीवर लावला. वडील गेल्यावरही तो तेथेच आहे. माझा फोटो तसबीर झाला आणि ताईचा कपाटात राहिला. सातवीनंतर ताई कोणत्याच वर्गाच्या चित्रात नाही.

छायाचित्राच्या मागे फक्त शिक्षकांची नावे लिहिलेली होती, तीही पदव्यांसह. उजव्या टोकाला पांढरी टोपी घातलेला एक माणूस हात बांधून उभा होता. त्याच्यासाठी ‘शिपाई’ एवढाच शब्द होता. विद्यार्थ्यांसाठी ‘इयत्ता ७ वीचे विद्यार्थी’. शेहेचाळीस मुलामुलींना मिळून तीन शब्द. मी ते छायाचित्र घेऊन ताईच्या गावी गेलो.

ताईने चष्मा लावला, पदराने काच पुसावी तसे छायाचित्र पुसले आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी वही काढली. “डावीकडून सांग,” मी म्हणालो. ती सांगू लागली आणि मी लिहू लागलो. दहा-बारा नावे झाल्यावर माझ्या लक्षात आले की काहीतरी चुकते आहे. ज्या जागी मुलगी दिसत होती तेथे ती मुलाचे नाव सांगत होती.

“ताई, डावीकडून म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून.”

“मग मी माझ्या डावीकडनंच सांगत्येय की,” ती म्हणाली. “ह्या हाताला ही, ह्या हाताला ती.” असे म्हणून तिने दोन्ही हात जरासे पसरले.

‘डावे’, ‘उजवे’, ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द बोलणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतात, हे मी पदवीच्या वर्गाला दर वर्षी शिकवतो. त्या दिवशी ताई छायाचित्राकडे पाहत नव्हती. ती त्या रांगेत उभी राहून आजूबाजूला पाहत होती. मी काही न बोलता नवे पान घेतले आणि तिच्या क्रमाने लिहू लागलो. उलटा क्रम घरी आल्यावर सुलट करता येणार होता. शेहेचाळीसपैकी चव्वेचाळीस नावे तिने सांगितली, बहुतेक आडनावांसकट. कोण कोणत्या वाडीहून येई, कोणाची अक्षरे चांगली होती, कोण कोठे दिली, कोण गेले, हेही सांगितले.

शेवटी मी टोपीवाल्या गृहस्थांवर बोट ठेवले. “हे आपले शिपाईमामा. यांचं नाव कोणालाच आठवत नाही.”

ताईने त्यांचे पूर्ण नाव सांगितले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव.

“तुला कसं ठाऊक?”

“मीच त्यास्नी शिकवलं की लिहायला.”

मग कळले ते असे. मामा पगाराच्या कागदावर अंगठा उठवत. त्या वर्षी प्रौढ शिक्षणाचा गाजावाजा होता. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला होता. शाळेत फलक लागले होते, घोषणा झाल्या होत्या. आपण शाळेत काम करतो आणि अंगठा लावतो, याची मामांना लाज वाटू लागली. शिक्षकांना विचारायचे धाडस होईना. मधल्या सुट्टीत डबा न आणणाऱ्या दोन-तीन मुली वर्गातच थांबत, त्यांत ताई असे. मामांनी तिला विचारले. उरलेल्या खडूच्या तुकड्याने फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात तिने त्यांच्याकडून त्यांचे नाव गिरवून घेतले. “बाकी आलं लौकर,” ताई म्हणाली, “पण आडनावाला दुसरी वेलांटी हाय. ती काय केल्या बसंना. पहिलीच द्यायचे. त्या एका वेलांटीला दोन महिनं गेले.”

संशोधकाची सवय वाईट असते. ऐकलेले तपासून पाहावेसे वाटते. पुढच्या भेटीत मी शाळेच्या कार्यालयात जुनी पगारपत्रके पाहायला मागितली. लाल कापडात बांधलेली बासने निघाली. डिसेंबर १९७८ पर्यंत मामांच्या नावापुढे शाईचा अंगठा आहे. जानेवारी १९७९ मध्ये तिकिटावर सही आहे: मोठी, थरथरती, तिकिटाच्या बाहेर गेलेली. आडनावाला पहिली वेलांटी. फेब्रुवारीतही पहिलीच. मार्चमध्ये दुसरी वेलांटी आली आहे, आणि पुढे प्रत्येक महिन्यात ती तशीच आहे.

त्याच दिवशी मी शाळेचे जनरल रजिस्टरही पाहिले. ते पाहायचे असे मनात नव्हते, पण ते शेजारीच होते. ताईच्या नावापुढे ‘शाळा सोडल्याचा दिनांक’ या रकान्यात जून १९७९ ची तारीख होती आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात ‘घरगुती अडचण’ असे लिहिले होते. काही पाने उलटल्यावर माझे नाव आले. पाचवीत प्रवेश, तारीख त्याच आठवड्यातली. एस. टी.चा पास एकाचाच काढणे वडिलांना परवडणारे होते. त्या घरगुती अडचणीचे नाव काही पानांपलीकडे माझ्याच नावाने लिहिलेले होते.

आमच्या घरात या घटनेचा उल्लेख नेहमी एकाच वाक्याने होई: “ताईची शाळा सुटली.” मीही हे वाक्य आयुष्यभर वापरले. ‘सुटणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. गाठ सुटते, गाडी सुटते, संध्याकाळी घंटा झाली की शाळा सुटते. त्यात कोणी काही केले, असे दिसत नाही. शाळेच्या दाखल्यात ‘सोडणे’ हे सकर्मक क्रियापद आहे. तेथे सोडणारी ताई ठरते, जणू तिने मनाने ठरवून शाळा टाकली. घराने ‘सुटली’ म्हटले, कागदाने ‘सोडली’ म्हटले. खरे वाक्य तिसरेच होते: “आम्ही ताईची शाळा सोडवली.” व्याकरणदृष्ट्या ते अगदी सोपे आहे. प्रयोजक क्रियापद मी हजारो विद्यार्थ्यांना शिकवले आहे. हे एक वाक्य मात्र आमच्या घरात चाळीस वर्षे कोणी उच्चारले नाही.

मी ते ताईपुढे उच्चारले. मला वाटले होते, ती रडेल किंवा “जाऊ दे” म्हणेल. ती म्हणाली, “तू तवा नऊ-धा वर्साचा. तुला कोण इचारणार हुतं?” थोडे थांबून म्हणाली, “पण नंतर तरी इचारायचंस.”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही.

पुस्तकाचे काम पुढे सरकले. ताईच्या छायाचित्राखालचा मजकूर मी नव्याने लिहिला. शिक्षकांची नावे होती तशी ठेवली. मामांचे पूर्ण नाव, दुसऱ्या वेलांटीसह, त्यांच्या जागी घातले. ते नाव मी या लेखात देत नाही, कारण त्यांच्या घरच्यांना मी अजून भेटू शकलेलो नाही. पण त्या पुस्तकात ते आहे. चव्वेचाळीस विद्यार्थ्यांची नावे दिली आणि उरलेल्या दोघांच्या जागी रिकामी रेघ ठेवली, म्हणजे ज्याला आठवेल त्याने ती भरावी. मजकूर लांबला, अक्षर बारीक करावे लागले. समितीतील एका सदस्याने विचारले, “एवढी सगळी नावं कशाला?” मी म्हणालो, “पाटीवर इयत्ता लिहिलेली आहेच. माणसं राहिली होती.”

ताईचे नाव लिहिताना तिने विचारले होते, “कोणतं घालणार?” लग्नानंतर तिचे आडनावच नव्हे, नावही बदलले होते. “तू सांगशील ते,” मी म्हणालो. तिने शाळेतले नाव सांगितले. हजेरी घेताना पुकारत ते. मी ते मोठ्याने उच्चारून लिहिले. ती हळूच “हजर” म्हणाली आणि हसली.

त्या भेटीत मी मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिका आणि प्रवेश अर्ज तिच्याकडे ठेवून आलो. शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्यांनाही पुन्हा शिक्षणाकडे वळता येते, एवढे सांगितले. तिने दोन्ही कागद कपाटात, त्या छायाचित्राच्या प्रतीमागे ठेवले. अर्ज अजून कोरा आहे. मी फोनवर चौकशी करत नाही. एकदा तिच्या वतीने इतरांनी ठरवले होते. दुसऱ्यांदा तसे होऊ नये.

हे वाचणाऱ्या तुम्ही तो अर्ज भरलेला आहे. घरकाम, नोकरी, शेती सांभाळून, रात्री उशिरा, कदाचित मुलांच्या वह्यांशेजारी तुम्ही ही पुस्तिका उघडली असेल. तुमच्याही घरी एखादा करडा पुठ्ठा असेल. नसेल तर शाळेच्या कपाटात असेल. तो मिळवा. नावे सांगणारी माणसे अजून आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा आणि त्यांच्या क्रमाने लिहून घ्या, त्यांच्या डावीकडून. टोकाला उभ्या असलेल्या माणसाचे नाव विचारायला विसरू नका. आणि स्वतःच्या शाळेविषयी एक वाक्य लिहून पाहा: ती सुटली, सोडली, की सोडवली? क्रियापद काळजीपूर्वक निवडा. ते निवडायला मला चाळीस वर्षे लागली.